हॉल ऑफ फेम: बॉण्ड्सच्या आधी मी लू व्हिटेकरचं नाव घेईन

प्रश्न: मुलगा शिकायला बॉस्टनला गेल्यापासून आमच्या घरात बेसबॉलची चर्चा सुरू झाली आहे. त्याचं म्हणणं असं की, सगळ्यात जास्त होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारणारा बॅरी बॉण्ड्सच हॉल ऑफ फेममध्ये नसेल तर त्या हॉलला अर्थ काय? निवृत्त खेळाडूंपैकी खरोखर कोणाचा मान राहून गेला आहे, आणि ते ठरवायचं कसं?

उत्तर:

मुलाचा प्रश्न रास्त आहे आणि बॉण्ड्सबद्दल मी पुढे लिहितोच. पण राहून गेलेल्यांची यादी मला करायला सांगितली तर पहिलं नाव लू व्हिटेकरचं येईल, बॉण्ड्सचं नाही. बॉण्ड्सवर दहा वर्षं मतदान झालं, त्याच्या बाजूने आणि विरोधात रकानेच्या रकाने लिहिले गेले. व्हिटेकरचा निकाल पहिल्याच मतदानात लागला आणि त्याच्याबद्दल कोणी धड वादही घातला नाही. माझ्या मते खरा अन्याय इथे आहे.

मी मिशिगनमध्ये राहतो. बरीच वर्षं इथल्या हायस्कूलच्या आणि हौशी लीगच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो, आणि पंच नसतो तेव्हा स्कोअरबुक घेऊन बसतो. ऐंशीच्या दशकात मोटारीच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे डेट्रॉइटला आलो आणि टायगर्स हा संघ आपला मानला. व्हिटेकर त्याच संघाचा सेकंड बेसमन. तेव्हा माझा कल कुठे आहे ते लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. आकडे मात्र कोणीही तपासून पाहावेत.

आधी निवड कशी होते ते थोडक्यात सांगतो. हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर लोकांच्या नावाचे फलक लावणारं संग्रहालय, न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाऊन या छोट्या गावात आहे. पहिली निवड १९३६ मध्ये झाली, त्यात टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, ख्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन हे पाच जण होते. आत जायला दोन वाटा आहेत. पहिली बेसबॉल पत्रकारांच्या मतदानाची. खेळाडूने किमान दहा हंगाम खेळलेले असावेत आणि निवृत्तीला पाच वर्षं झालेली असावीत. एका पत्रकाराला जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करता येते आणि आत जायला ७५ टक्के मतं लागतात. दहा वर्षांत ती मिळाली नाहीत तर ही वाट बंद. आणि कुठल्याही वर्षी ५ टक्क्यांहून कमी मतं पडली तर त्याच दिवशी बंद. दुसरी वाट समितीची: सोळा जण बसतात, त्यांतल्या बारा जणांची मतं मिळवावी लागतात.

व्हिटेकर २००१ मध्ये पहिल्यांदा मतपत्रिकेवर आला. त्याला १५ मतं पडली, म्हणजे २.९ टक्के. विषय संपला.

आता हा माणूस काय होता ते बघा. बेस म्हणजे धाव काढताना धावपटूला ओळीने शिवावे लागणारे टप्पे. आमच्या स्कोअरबुकात मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६. चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला, त्याने सेकंड बेसवर फेकला आणि तिथून तो फर्स्टला गेला, की एका फटक्यात दोन गडी बाद होतात. आम्ही तेवढंच लिहितो: ६-४-३. यातला ४ सगळ्यात अवघड असतो. सेकंड बेसमन बेसच्या दिशेने धावत येतो, समोरून आलेला चेंडू झेलतो, पायाने बेस शिवतो आणि ज्या दिशेने धावत आला तिच्या बरोबर उलट, फर्स्टकडे, चेंडू फेकतो. हे सगळं करताना फर्स्टवरून निघालेला धावपटू त्याच्या पायांच्या रोखाने घसरत येत असतो. त्या काळात असं अंगावर घसरत जाणं खेळाचाच भाग मानलं जायचं, ते रोखणारा कडक नियम २०१६ मध्ये आला. व्हिटेकर हे करताना घाईत दिसायचा नाही. चेंडू हातमोज्यात शिरला कधी आणि बाहेर पडला कधी, हे कळायच्या आत फर्स्ट बेसमनने तो झेललेला असायचा. १९८४ च्या वर्ल्ड सीरिजचे, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचे, सामने मिळाले तर मुलाला दाखवा, टायगर्सनी ती सॅन डिएगोविरुद्ध ४-१ अशी जिंकली. होमरन सोडा, ४ नंबरच्या जागेवर नजर ठेवायला सांगा.

त्या ६-४-३ मधला ६ म्हणजे अ‍ॅलन ट्रॅमेल. दोघेही ९ सप्टेंबर १९७७ रोजी, एकाच सामन्यात, बॉस्टनच्या फेनवे पार्कवर पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये उतरले. तिथून १९९५ पर्यंत ते एकत्र १,९१८ सामने खेळले. एकाच जोडीने शेजारी शेजारी इतकी वर्षं उभं राहणं आज कोणाला स्वप्नातही शक्य वाटणार नाही. व्हिटेकर बॅटिंगला आला की जुन्या टायगर स्टेडियममध्ये ‘लूऽऽऽ’ असा लांबलचक घोष उठायचा. नवख्याला तो ‘बूऽऽऽ’ असा ऐकू यायचा आणि वाटायचं, आपल्याच खेळाडूची हुर्यो का उडवताहेत?

आकडे सांगतो. २,३६९ हिट्स (फटका मारून बेस गाठणं), २४४ होमरन, १,१९७ वॉक (पिचरने चार चेंडू चुकीचे टाकल्यामुळे फुकट मिळालेला पहिला बेस). १९७८ चा सर्वोत्तम नवोदित खेळाडू, पाच वेळा ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी निवड), क्षेत्ररक्षणासाठी तीन गोल्ड ग्लोव्ह. आता ‘वॉर’ नावाचं माप घेऊ, कारण आजकाल सगळी चर्चा त्यावरून होते. त्या जागी सहज मिळू शकणारा साधा खेळाडू खेळवला असता, तर त्याच्यापेक्षा या खेळाडूने किती सामने जास्त जिंकून दिले, याचा तो अंदाज. बेसबॉल-रेफरन्सच्या हिशेबाने व्हिटेकरचा आकडा ७५ च्या आसपास आहे. त्याच जागेवर खेळून हॉलमध्ये गेलेल्या रायन सँडबर्गचा ६८, रॉबर्टो अ‍ॅलोमारचा ६७ आणि क्रेग बिजिओचा ६५ च्या आसपास. खुद्द ट्रॅमेलचा सुमारे ७०.

मग १५ मतं का? माझ्या मते याची कारणं दोन. पहिलं म्हणजे २००१ मध्ये बहुतेक पत्रकार बॅटिंगची सरासरी (वॉक सोडून दर प्रयत्नामागे किती हिट्स), ३,००० हिट्स आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताब या तीन गोष्टी बघून मत द्यायचे. व्हिटेकरची सरासरी ०.२७६. हा आकडा दिसायला साधा आहे. पण बाराशेच्या जवळ वॉक घेतलेला हा माणूस दर शंभर वेळा बॅट घेऊन उभा राहिला की ३६ वेळा बेसवर पोचायचा. स्कोअरबुक लिहिणाऱ्याला हे लगेच दिसतं, कारण वॉक घेतलेला धावपटू हिट मारलेल्याइतकाच धाव काढून घरी येतो. वर्तमानपत्रातल्या सरासरीच्या रकान्यात मात्र वॉकला जागाच नसते. दुसरं कारण त्याचा स्वभाव. पत्रकारांशी तो फारसा बोलायचा नाही, स्वतःबद्दल तर नाहीच. त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगितला जाणारा किस्सा १९८५ च्या ऑल-स्टार सामन्याचा आहे. मिनियापोलिसला तो आपला गणवेश विसरून गेला, स्टेडियममधल्या दुकानातून चाहत्यांसाठीचा टायगर्सचा शर्ट आणला आणि पाठीवर मार्करने १ आकडा काढून खेळला. तो शर्ट पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेला. शर्टाला संग्रहालय मिळालं, माणसाला अजून नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच्या विरोधात जो मुद्दा मांडतात तोही वजनदार आहे. व्हिटेकरची कारकीर्द लांब आणि सपाट होती, त्यात उंच शिखर नव्हतं. ‘या वर्षी लीगमध्ये याच्या तोडीचा कोणी नाही’ असं म्हणावं असा हंगाम त्याच्या नावावर नाही. शेवटच्या वर्षांत डावखुऱ्या पिचरसमोर त्याला बरेचदा बसवून ठेवत. हे मान्य. पण एकोणीस हंगाम, त्यातला जवळपास प्रत्येक सरासरीहून सरस, तोही मैदानातल्या दगदगीच्या जागेवर. त्या जागेवरच्या खेळाडूंचे गुडघे आणि घोटे तिशीतच जातात. इतकं सातत्य असलेले सेकंड बेसमन बोटांवर मोजण्याइतके आहेत.

त्याच्या शेजारी जेफ केंटचं उदाहरण ठेवून बघा. सेकंड बेसमन म्हणून सर्वाधिक होमरन केंटचे आणि २००० चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. डिसेंबर २०२५ मध्ये समितीने सोळापैकी चौदा मतांनी त्याला निवडलं. माझी तक्रार नाही. पण वॉरच्या मापाने केंट ५५ च्या आसपास आहे, म्हणजे व्हिटेकरहून वीसने खाली. फरक इतकाच की केंट पत्रकारांच्या मतपत्रिकेवर पूर्ण दहा वर्षं टिकला. दरवर्षी कोणीतरी त्याच्यावर लिहिलं, कोणीतरी मत बदललं, आणि समितीपुढे तो ओळखीचं नाव म्हणून गेला. ट्रॅमेलचंही तेच झालं. पंधरा वर्षं मतपत्रिकेवर राहून (तेव्हा मुदत पंधरा वर्षांची होती) शेवटी समितीने त्याला २०१८ मध्ये आत घेतलं, आणि तिथल्या भाषणात त्याने लूलाही हा मान मिळावा असं बोलून दाखवलं. डेट्रॉइटने २०२२ मध्ये लूचा १ नंबर निवृत्त केला. कूपर्सटाऊनचं दार मात्र बंदच आहे.

पहिल्याच वर्षी ५ टक्क्यांखाली जाऊन गेलेला तो एकटा नाही. बॉबी ग्रिच, सेकंड बेसमन, १९९२ मध्ये असाच गेला. केनी लॉफ्टनचं तर नशीबच वाईट. ६२२ बेस चोरलेला (पिचर चेंडू टाकत असताना धावून पुढचा बेस गाठलेला), सेंटर फील्डमधला अव्वल खेळाडू, २०१३ च्या मतपत्रिकेवर आला आणि ३.२ टक्क्यांवर बाद झाला. त्या वर्षी त्याच्यासोबत बॉण्ड्स, क्लेमेन्स, सोसा, पियाझा, बिजिओ अशी रांग होती, प्रत्येक पत्रकाराकडे दहाच खुणा होत्या, आणि एवढं करून पत्रकारांनी त्या वर्षी एकालाही निवडलं नाही. लॉफ्टन वाईट होता म्हणून गेला नाही. गर्दीत त्याच्यावर नजर पडली नाही, म्हणून गेला. माझं सरळ म्हणणं आहे, पहिली तीन वर्षं ही ५ टक्क्यांची अट लावूच नका. मतपत्रिका थोडी लांब होईल, बाकी काही बिघडणार नाही.

आता बॉण्ड्स आणि पिचर रॉजर क्लेमेन्स. दोघेही आत हवेत.

बॉण्ड्सचे ७६२ होमरन, सात वेळा सर्वोत्तम खेळाडू. क्लेमेन्सचे ३५४ विजय आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारे सात साय यंग पुरस्कार. २०२२ मध्ये, शेवटच्या दहाव्या वर्षी, बॉण्ड्सला ६६ टक्के आणि क्लेमेन्सला ६५.२ टक्के मतं पडली. आक्षेप स्टेरॉइडचा. तो हलक्यात घ्यावा असं मी म्हणणार नाही. बॉण्ड्सचे २००१ चे ७३ होमरन बघताना मनात शंका येतेच. पण घटनाक्रम बघा. आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी १९९१ मध्ये पत्रक काढून ही औषधं बेकायदा ठरवली, तरी चाचणी नव्हती. शिक्षेची तरतूद असलेल्या चाचण्या २००४ मध्ये सुरू झाल्या. मधली सगळी वर्षं मालकांनी तिकिटं विकली, लीगने होमरनच्या जाहिराती केल्या. त्या काळात आयुक्त असलेले बड सीलिग २०१७ मध्ये सन्मानाने हॉलमध्ये गेले. कारभार पाहणाऱ्याचा फलक लागतो आणि त्याच्या कारभारात खेळलेल्या सर्वोत्तम दोघांचा लागत नाही, हे मला पटत नाही.

शिवाय बॉण्ड्सविरुद्धचा संशय ज्या काळापासून सुरू होतो, त्याच्या आधीच तो पात्र होता. १९९८ अखेरीस त्याच्या नावावर ४११ होमरन, ४४५ चोरलेले बेस, आठ गोल्ड ग्लोव्ह आणि तीन वेळा सर्वोत्तम खेळाडूचा किताब होता. तिथेच निवृत्त झाला असता तर पहिल्या फेरीत निवडला गेला असता. नंतरचा काळ वजा केला तरी तो बसतो. वजा न करता पाहिलं तर २००४ मध्ये त्याला २३२ वॉक मिळाले, त्यातले १२० जाणूनबुजून दिलेले, आणि तो साठ टक्क्यांहून अधिक वेळा बेसवर पोचला. समोरच्या संघांनी त्याच्याशी खेळायचंच नाकारलं, असं म्हणता येईल.

मी रेघ कुठे ओढतो ते सांगतो. चाचण्या आणि शिक्षा लागू झाल्यावर ज्यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली, ते वेगळे. मॅनी रामिरेझवर दोनदा कारवाई झाली, अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझला २०१४ चा संपूर्ण हंगाम बाहेर बसावं लागलं. नियम लेखी होता, खेळाडूंच्या संघटनेने मान्य केलेला होता, तरी मोडला. त्यांना मी मत देणार नाही. हॉलच्या नियमात खेळातल्या कामगिरीबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य हेही शब्द आहेत. ते शब्द वापरायचे तर लेखी नियमांपुरते वापरावेत. नाहीतर कृष्णवर्णीय खेळाडूंबरोबर खेळायला नकार देणारा कॅप अ‍ॅन्सन आत कसा, आणि स्वतःच्या बॉस्टन रेड सॉक्स संघात १९५९ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू न उतरवणारे मालक टॉम यॉकी आत कसे, याचं उत्तर द्यावं लागेल.

पीट रोझबद्दल तुमच्या मुलाचं मत वेगळं असू शकतं. ४,२५६ हिट्स, कोणाहीपेक्षा जास्त. सिनसिनाटी रेड्स संघाचा व्यवस्थापक असताना आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैज लावल्यामुळे १९८९ मध्ये कायमची बंदी आली. पंधरा वर्षं नाकारून २००४ मध्ये त्याने कबुली दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो वारला. मे २०२५ मध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी निर्णय दिला की कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते, त्यामुळे आता रोझ आणि १९१९ ची वर्ल्ड सीरिज पैसे घेऊन हरल्याच्या प्रकरणातला शूलेस जो जॅक्सन या दोघांची नावं समितीपुढे येऊ शकतात.

माझं मत: रोझ नको. तो नेहमी आपल्या संघाच्या विजयावरच पैज लावायचा, असा बचाव करतात. पंच म्हणून मला तो पटत नाही. व्यवस्थापकाने सोमवारी पैज लावली आणि मंगळवारी लावली नाही, तर कुठल्या दिवशी कुठल्या पिचरला दमवायचं, हा निर्णयच नासला. पैजेच्या दिवशी जिंकण्यासाठी तो उद्याचा माणूस आज वापरून टाकेल. औषध घेणारा खेळाडू चुकीच्या मार्गाने का होईना, जिंकायलाच खेळतो. पैज लावणारा व्यवस्थापक सामना कशासाठी खेळला जातोय, हेच बदलून टाकतो. नियम प्रत्येक संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये लावलेला असतो आणि शिक्षाही त्यातच लिहिलेली आहे. रोझच्या हिट्सचा विक्रम कोणी पुसलेला नाही, पुसूही नये. फलक हा मान आहे, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने गमावला. जॅक्सनने पाच हजार डॉलर घेतले होते, त्यामुळे त्याच्याबद्दलही मी तेच म्हणेन, जरी त्या मालिकेत त्याची बॅटिंग ०.३७५ होती.

व्हिटेकरनंतर माझ्या यादीत दुसरा आहे कर्ट फ्लड, आणि त्याच्याबद्दल इथे भारतीय लोक फारसे बोलत नाहीत म्हणून जरा थांबून सांगतो. सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर. सलग सात गोल्ड ग्लोव्ह, सरासरी ०.२९३, दोन वर्ल्ड सीरिज. त्या काळी करार संपला तरी खेळाडू संघमालकाच्याच ताब्यात राहायचा. मालक त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकू शकत, खेळाडूला विचारायची गरज नव्हती. ऑक्टोबर १९६९ मध्ये फ्लडला असंच फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याने आयुक्तांना पत्र लिहिलं, की माझी इच्छा न विचारता खरेदी-विक्री करावी अशी मी मालमत्ता नाही. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणारा, बत्तिशीच्या आतला खेळाडू कोर्टात गेला आणि १९७० चा संपूर्ण हंगाम घरी बसला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५-३ असा हरला. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून तेरा सामने खेळून त्याची कारकीर्द संपली होती. न्यायालयाच्या निकालानंतर तीनच वर्षांनी, १९७५ मध्ये, लवादाच्या निर्णयाने खेळाडूंना संघ निवडायचं स्वातंत्र्य मिळालं. आज कोट्यवधी डॉलरचे करार होतात ते त्या वाटेने. खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांची हॉलसाठी निवड झाली, फ्लड मात्र १९९७ मध्ये वारला तो फलकाविना. केवळ खेळावर तो सीमारेषेवरचा उमेदवार आहे, हे मी कबूल करतो. पण ज्याने ऐन उमेदीतली वर्षं देऊन सगळा खेळ बदलला, त्याचं मोजमाप नुसत्या हिट्सवर करू नये.

एका युक्तिवादापासून मुलाला सावध करा. ‘हॅरॉल्ड बेन्स आत आहे, मग अमुक का नको?’ बेन्सला पत्रकारांच्या मतदानात कधी ७ टक्केही मिळाले नव्हते, समितीने डिसेंबर २०१८ मध्ये नेमक्या बारा मतांनी आत घेतला. सगळ्यात खालच्या माणसाशी तुलना करून दार उघडत गेलं तर शेकडो खेळाडू आत जातील. तुलना त्या जागेवरच्या मधल्या दर्जाच्या सन्मानित खेळाडूशी करावी. व्हिटेकर त्या कसोटीवर उतरतो, म्हणूनच मी त्याचं नाव इतक्या जोराने घेतो.

समितीचं गणितही समजून घ्या. आठ नावांची यादी, सोळा जण, प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन मतं. एकूण ४८ मतं, प्रत्येकाला हवीत बारा. म्हणजे सगळी मतं नेमकी पडली तरी चारच जण जाऊ शकतात, आणि प्रत्यक्षात एखाद-दुसराच जातो. बॉण्ड्स आणि क्लेमेन्सला डिसेंबर २०२५ मध्ये प्रत्येकी पाचापेक्षा कमी मतं पडली, त्यामुळे नव्या नियमाप्रमाणे पुढच्या वेळी, २०२८ मध्ये, ते यादीतही नसतील. त्यानंतरची संधी थेट २०३१ मध्ये. या उशिराची किंमत माणसं मोजतात. रॉन सॅन्टो डिसेंबर २०१० मध्ये वारला आणि वर्षभराने निवडला गेला. डिक अ‍ॅलन २०१४ मध्ये एका मताने हुकला, २०२० मध्ये वारला, २०२१ मध्ये पुन्हा एका मताने हुकला, २०२४ मध्ये निवडला गेला.

१९८० च्या आधीच्या खेळाडूंसाठीची समिती डिसेंबर २०२७ मध्ये बसेल. फ्लड आणि रोझ तिथले. व्हिटेकरचा विचार होऊ शकतो तो डिसेंबर २०२८ मध्ये, तेव्हा तो ७१ वर्षांचा असेल. आठ नावांची यादी साधारण महिनाभर आधी जाहीर होते. त्यात त्याचं नाव आहे का ते आधी बघा, कारण २०२५ मध्ये ते नव्हतं, आणि यादीत नाव नसेल तर समितीतल्या सोळापैकी एकालाही, मनात असूनसुद्धा, त्याला मत देता येत नाही.